व्हिक्टोरियाकालीन महाराष्ट्रातील बालजीवन : वय, श्रम आणि शिक्षण

प्रस्तावना :

राणी व्हिक्टोरिया २० जून १८३७ रोजी इंग्लंडच्या गादीवर आली आणि २२ जानेवारी १९०१ रोजी तिचे निधन झाले. या त्रेसष्ट वर्षांच्या कालखंडास इतिहासात व्हिक्टोरियन युग असे संबोधले जाते. इंग्लंडमध्ये याच काळात 'मूल' ही स्वतंत्र सामाजिक आणि कायदेशीर संकल्पना म्हणून पुढे आली. मूल म्हणजे लहान आकाराचा मजूर नव्हे, त्याला संरक्षण आणि शिक्षण मिळाले पाहिजे, हा विचार प्रथम कारखान्यांच्या कायद्यात, नंतर शिक्षणाच्या कायद्यात आणि अखेरीस कुटुंबविषयक कायद्यात उतरला. इंग्लंडची सत्ता येथे असल्यामुळे या विचाराचे पडसाद महाराष्ट्रातही उमटले. परंतु येथील परिस्थिती, येथील समाजरचना आणि राज्यकर्त्यांचे हितसंबंध यांमुळे त्याला वेगळे रूप प्राप्त झाले.

या विषयाचा विचार औंढा नागनाथसारख्या ठिकाणाहून केल्यास त्याची एक उपेक्षित बाजू लक्षात येते. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून प्रसिद्ध असलेले आणि विसोबा खेचर व संत नामदेव यांच्या परंपरेशी जोडलेले हे गाव त्या काळी ब्रिटिश मुलखात नव्हते. ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. येथे व्यवहारातील नाणे हाली सिक्का होते आणि कलकत्त्याच्या कायदेमंडळात संमत झालेला कायदा येथे आपोआप लागू होत नसे. म्हणून 'व्हिक्टोरियाकालीन बालजीवन' असे म्हणताना ते कोणाचे, कोणत्या सत्तेखालचे आणि कोणत्या जातीचे व वर्गाचे, हे प्रश्न विचारणे आवश्यक ठरते.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. इंग्लंडमधील बालविषयक कायद्यांच्या पार्श्वभूमीवर मुंबई इलाख्यातील कायद्यांचे स्वरूप समजून घेणे.
२. गिरणी, शाळा, विवाह आणि दुष्काळ या चार संदर्भांत मराठी मुलांचे जीवन कसे होते हे स्पष्ट करणे.
३. या कायद्यांच्या कक्षेबाहेर राहिलेल्या मुलांचा, विशेषतः मराठवाड्यातील मुलांचा, विचार करणे.

इंग्लंडमधील पार्श्वभूमी :

औद्योगिक क्रांतीनंतर इंग्लंडमधील कापडगिरण्या आणि कोळशाच्या खाणी यांत लहान मुलांचा मोठ्या प्रमाणावर वापर होऊ लागला. मुलांना मजुरी कमी द्यावी लागे, त्यांची बोटे बारीक असल्याने तुटलेले धागे जोडणे त्यांना सोपे जाई आणि ती प्रतिकार करू शकत नसत. १८३३ च्या कारखाना कायद्याने रेशीम गिरण्या वगळता इतर कापडगिरण्यांत ९ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली आणि ९ ते १३ वयोगटासाठी दिवसाला ९ तासांची मर्यादा घातली. हा कायदा अमलात आणण्यासाठी सरकारी निरीक्षक नेमण्यात आले. १८४२ च्या कायद्याने मुली व स्त्रिया यांना, तसेच १० वर्षांखालील मुलग्यांना खाणीत भूमिगत कामावर ठेवण्यास मनाई केली. १८४४ च्या कायद्याने अर्धा दिवस काम आणि अर्धा दिवस शाळा ही पद्धत रूढ केली. १८७८ मध्ये कामाचे किमान वय १० वर्षे झाले. १८७० च्या कायद्याने प्राथमिक शाळांचे जाळे उभारण्यास प्रारंभ झाला आणि १८८० मध्ये १० वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे झाले.

या क्रमातील एक बाब महत्त्वाची आहे. मुलाला कारखान्यातून बाहेर काढणे आणि त्याला शाळेत बसविणे या दोन गोष्टी इंग्लंडमध्ये परस्परांशी जोडल्या गेल्या. केवळ कामाचे तास कमी करून मुलाचे हित साधत नाही, रिकाम्या झालेल्या वेळेत त्याच्यासाठी शाळा असावी लागते, हे तेथे हळूहळू मान्य झाले. मुंबई इलाख्यात नेमका हाच दुवा निखळलेला दिसतो.

मुंबईच्या गिरण्यांतील मुले :

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली आणि १८५६ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले. पुढील दोन दशकांत गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली. रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून माणसे पोटासाठी मुंबईत येऊ लागली. आईबापांबरोबर मुलेही गिरणीत जात. भरलेल्या बॉबिन काढून त्यांच्या जागी रिकाम्या बसविणे, तुटलेला धागा सांधणे, यंत्राखालचा कापूस झाडून काढणे अशी कामे त्यांच्याकडे असत. विजेचे दिवे येण्यापूर्वी गिरणीचा दिवस सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतचा असे. त्यामुळे उन्हाळ्यात कामाचे तास आपोआप वाढत. आठवड्याची ठरलेली सुटी नव्हती. कोंदट हवा, कापसाची उडती तूस आणि यंत्रांचा सततचा आवाज यांत मुलांचा बहुतेक दिवस जाई.

या परिस्थितीची दखल घेण्यास दोन वेगवेगळ्या दिशांनी सुरुवात झाली. एकीकडे मँचेस्टर व लँकेशायर येथील गिरणीमालकांना मुंबईच्या स्वस्त मालाची स्पर्धा जाणवू लागली होती. हिंदुस्थानातील गिरण्यांवर कामाच्या तासांचे बंधन यावे, अशी मागणी त्यांनी लावून धरली. दुसरीकडे मुंबईतील सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारख्या सुधारकांनी मानवतेच्या भूमिकेतून कायद्याचा पाठपुरावा केला. १८७५ मध्ये मुंबई सरकारने चौकशी आयोग नेमला. १८७८ मध्ये बंगाली यांनी कायद्याचा मसुदा तयार केला. अखेरीस लॉर्ड रिपन यांच्या कारकिर्दीत १८८१ चा पहिला हिंदी कारखाना कायदा संमत झाला. येथील अनेक राष्ट्रवादी वृत्तपत्रांनी या कायद्याकडे लँकेशायरचा डाव म्हणून संशयाने पाहिले. हा संशय निराधार नव्हता. मात्र डावाच्या या चर्चेत मुलांचा प्रश्न मागे पडला, हेही तितकेच खरे आहे.

१८८१ च्या कायद्यानुसार ७ वर्षांखालील मुलांना कारखान्यात कामावर ठेवण्यास बंदी झाली. ७ ते १२ वयाच्या मुलांसाठी दिवसाला ९ तासांची मर्यादा, एक तासाची विश्रांती आणि महिन्यातून चार सुट्या अशी तरतूद झाली. हा कायदा यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांनाच लागू होता. वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी काळ चालणारे हंगामी कारखाने त्यातून वगळले होते. त्या वेळी इंग्लंडमध्ये कामाचे किमान वय १० वर्षे होते. एकाच राणीच्या राज्यात इंग्रज मुलाचे बालपण दहाव्या वर्षापर्यंत, तर मराठी मुलाचे सातव्या वर्षापर्यंत रक्षणीय मानले गेले. शिवाय येथील कायद्यात शाळेचा उल्लेख नव्हता. मुलाचा दिवस नऊ तासांवर आला, पण उरलेल्या वेळेत त्याने काय करावे याविषयी कायदा मौन पाळून होता.

या उणिवांवर कामगारांच्या बाजूने बोट ठेवण्याचे कार्य सत्यशोधक कार्यकर्ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी केले. 'दीनबंधु' पत्राच्या माध्यमातून त्यांनी गिरणीकामगारांचे प्रश्न मांडले. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सूर्यास्तापूर्वी काम बंद होणे, वेळेवर पगार आणि अपघात झाल्यास भरपाई या त्यातील प्रमुख मागण्या होत्या. १८९० मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. १८९१ च्या सुधारित कायद्याने किमान वय ९ वर्षे केले, ९ ते १४ वयोगटासाठी कामाची मर्यादा ७ तासांवर आणली आणि पन्नास कामगारांच्या कारखान्यांनाही कायद्याच्या कक्षेत घेतले. त्याच वर्षी इंग्लंडने आपली मर्यादा ११ वर्षे केली. म्हणजे दोन्ही देशांतील अंतर थोडे कमी झाले, पण नाहीसे झाले नाही.

अंमलबजावणीत खरी अडचण वयाच्या पुराव्याची होती. बहुतेक मुलांची जन्मनोंद उपलब्ध नसे. खेड्यात मुलाचे वय सांगताना 'मोठ्या दुष्काळाच्या साली जन्मलेला' अशा खुणा सांगितल्या जात. त्यामुळे वय ठरविताना मुलाची उंची, दात आणि एकंदर चेहरेपट्टी यांवर अवलंबून राहावे लागे. अशा अंदाजात अल्पवयीन मुलाला मोठे ठरविणे अवघड नव्हते. मालकाला स्वस्त मजूर हवा असे आणि पालकांना मुलाच्या मजुरीतून येणारे थोडे पैसे हवे असत. दोघांचाही फायदा वय वाढवून सांगण्यात होता. पालक निष्ठुर होते असा याचा अर्थ नाही. ज्या घरात बापाच्या मजुरीवर सगळ्यांचे पोट भरत नसे, तेथे मुलाची मजुरी बंद करणारा कायदा उपाशी घरातून एक घास काढून घेत असे. त्या घासाची भरपाई कोण करणार, या प्रश्नाला कायद्यात उत्तर नव्हते.

हंगामी कारखाने वगळल्याचा परिणाम खानदेशासारख्या कापूस पिकविणाऱ्या प्रदेशात दिसून आला. सरकी काढण्याच्या जिनिंग कारखान्यांत हंगामात अतिशय दीर्घ तास काम चाले आणि त्यात स्त्रिया व मुले मोठ्या संख्येने असत. हे कारखाने १९११ च्या कायद्यापर्यंत बाहेरच राहिले. कापसाच्या शेतात वेचणी करणारी मुले तर कोणत्याच कायद्याच्या विचारात आली नाहीत. मुंबईच्या गिरणीतील मूल सरकारी चौकशीत दिसले, त्या गिरणीला कापूस पुरविणारे शेतातील मूल मात्र दिसले नाही.

शाळेतील व शाळेबाहेरील मुले :

ब्रिटिश शिक्षणपद्धती येण्यापूर्वी गावोगावी पंतोजींच्या शाळा चालत. देवळाच्या ओवरीत किंवा एखाद्या वाड्याच्या पडवीत मुले जमत. धूळपाटीवर अक्षरे गिरवणे, मोडी वाचन, पावकी, निमकी, औटकी अशी पाठांतरे आणि हिशोब हा अभ्यासक्रम असे. पंतोजींना धान्य, शिधा किंवा थोडे पैसे मिळत. छडी हा अध्यापनाचा नित्याचा भाग होता. या शाळांत मुख्यतः ब्राह्मण, प्रभू, वाणी, सोनार अशा लेखनाची गरज असणाऱ्या घरांतील मुलगे येत. बलुतेदारांची मुले घरच्या व्यवसायातच शिकत. सुताराच्या मुलाची शाळा म्हणजे बापाचा कामठा आणि कुंभाराच्या मुलाची शाळा म्हणजे चाक. मुली आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले यांना या व्यवस्थेत प्रवेश नव्हता.

१८४८ मध्ये महात्मा जोतीराव फुले यांनी पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. तेथे अध्यापन करणाऱ्या सावित्रीबाई फुले यांचा स्वतःचा विवाह १८४० मध्ये, वयाच्या नवव्या वर्षी झाला होता. पुढे मांग व महार मुलामुलींसाठीही फुले दांपत्याने शाळा काढल्या. अशाच शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मुलीचा मांगमहारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळातील मुलांविषयी मोठ्यांनी लिहिलेले साहित्य विपुल आहे, परंतु मुलाने स्वतः आपल्या समाजाच्या अवस्थेविषयी लिहिलेले लेखन विरळ आहे. त्या दृष्टीने हा निबंध मोलाचा दस्तऐवज ठरतो.

सरकारी शाळांची दारे सर्वांना खुली आहेत असे धोरण असले तरी व्यवहार वेगळा होता. १८५६ मध्ये धारवाड येथे एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. धारवाड त्या वेळी मुंबई इलाख्यात होते. एका मुलाला प्रवेश दिल्यास इतर मुले शाळा सोडून जातील, या भीतीने त्याला प्रवेश नाकारण्यात आला. तत्त्वाला मान्यता आणि प्रत्यक्षात माघार ही सरकारची भूमिका पुढेही दीर्घकाळ टिकली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना साताऱ्याच्या शाळेत इतर मुलांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागले. हा काळ व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या अगदी अखेरचा आहे. धारवाडच्या घटनेनंतर चार दशके उलटली होती. मुलाला वर्ग मिळाला, पण वर्गातील जमीन मिळाली नाही.

१८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुले यांनी किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या श्रमातून येतो, मात्र त्याचा लाभ उच्च शिक्षणाच्या रूपाने वरिष्ठ वर्गांना मिळतो, हा त्यांचा आक्षेप होता. इंग्लंडमध्ये दोनच वर्षांपूर्वी सक्तीचे शिक्षण लागू झालेले असताना ही मागणी करण्यात आली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. १८८१ चा कारखाना कायदा आणि १८८२ ची फुले यांची मागणी एकत्र वाचल्यास निखळलेला दुवा स्पष्ट होतो. कायद्याने मुलाला यंत्रापासून काही तास दूर केले आणि फुले त्या तासांसाठी शाळा मागत होते. ब्रिटिश सरकारने ही मागणी मान्य केली नाही.

ही मागणी अव्यवहार्य होती असे म्हणता येत नाही. बडोदा संस्थानचे सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संपूर्ण संस्थानात लागू केला. मुंबई इलाख्यातील ब्रिटिश सरकारने जे अशक्य मानले, ते एका मराठी संस्थानिकाने व्हिक्टोरियाच्या हयातीतच सुरू करून दाखविले.

सुशिक्षित मध्यमवर्गात याच काळात मुलांसाठी स्वतंत्र वाङ्मय निर्माण होऊ लागले. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये 'बालबोध' मासिक सुरू केले आणि ते अखेरपर्यंत चालविले. चरित्रे, कविता, विज्ञानविषयक माहिती यांनी ते नटलेले असे. ज्या वर्षी सात वर्षांच्या मुलाला गिरणीत नऊ तास काम करण्याची कायदेशीर मुभा मिळाली, त्याच वर्षी मुलांसाठीचे हे मासिक निघाले. एकाच प्रांतात दोन प्रकारची बालपणे शेजारी शेजारी नांदत होती.

विवाह आणि मुलींचे बालपण :

मुलींच्या बाबतीत बालपणाची सीमा विवाहाने ठरत असे. आठव्या ते अकराव्या वर्षी लग्न ही अनेक जातींतील रूढी होती. आनंदीबाई जोशी यांचा विवाह नवव्या वर्षी झाला. चौदाव्या वर्षी त्यांना झालेले मूल दहा दिवसांत दगावले. या दुःखातूनच त्यांची वैद्यकशास्त्राकडे ओढ वाढली आणि १८८६ मध्ये त्यांनी अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवली. वर्षभराच्या आत, फेब्रुवारी १८८७ मध्ये, त्यांचे निधन झाले. बालविवाहाबरोबर बालवैधव्यही येई. पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई आठव्या वर्षी विधवा झाल्या होत्या. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी सुरू केलेल्या शारदासदनात त्यांना शिक्षणाची संधी मिळाली. ज्यांना अशी संधी मिळाली नाही त्यांच्या वाट्याला काय आले, याचे चित्रण हरि नारायण आपटे यांनी 'पण लक्षात कोण घेतो?' या कादंबरीत यमूच्या रूपाने केले आहे.

विधवांच्या पोटी जन्मलेल्या अर्भकांचा प्रश्न त्याहूनही कठीण होता. लोकलज्जेस्तव अशा अर्भकांची हत्या होत असे. १८६३ मध्ये फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. तेथे जन्मलेल्या यशवंत या मुलाला त्यांनी दत्तक घेतले आणि तो पुढे डॉक्टर झाला. १८७५ मध्ये पंढरपूर येथे प्रार्थना समाजाच्या मंडळींनी अनाथ बालकांसाठी आश्रम स्थापन केला. तीर्थक्षेत्री सोडून दिलेली मुले तेथे वाढू लागली.

रखमाबाईंच्या खटल्याने या प्रश्नाला कायदेशीर वळण दिले. त्यांचा विवाह अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाला होता. मोठेपणी त्यांनी सासरी नांदण्यास नकार दिला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला, परंतु अपिलानंतर १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी त्यांना नवऱ्याकडे जाण्याचा, अन्यथा सहा महिने कारावास भोगण्याचा आदेश दिला. रखमाबाईंनी कारावास पत्करण्याची तयारी दर्शविली. १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. पुढे त्या इंग्लंडमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर झाल्या. अजाण वयात झालेल्या विवाहाला मोठेपणी नाकारता येते का, हा त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न मुळात बालपणाच्या हक्काचा प्रश्न होता.

१८६० च्या दंडसंहितेने संमतिवयाची मर्यादा १० वर्षे ठरविली होती आणि ती विवाहित मुलीलाही लागू होती. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी या अल्पवयीन विवाहितेचा पतीच्या बळजबरीमुळे मृत्यू झाला. त्यानंतर मार्च १८९१ मध्ये ही मर्यादा १२ वर्षे करण्यात आली. या विधेयकावरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला. लोकमान्य टिळकांनी परकीय सरकारने धर्मात हस्तक्षेप करू नये अशी भूमिका घेतली, तर डॉ. रा. गो. भांडारकर, आगरकर इत्यादींनी कायद्याचे समर्थन केले. या वादात शास्त्रार्थ आणि राष्ट्राभिमान यांची चर्चा विपुल झाली. ज्या मुलींविषयी वाद होता त्यांचे म्हणणे मात्र त्यात क्वचितच ऐकू आले.

कायद्यातील वयांची विसंगती :

वर उल्लेखिलेले कायदे एकत्र ठेवल्यास पुढील चित्र दिसते.

७ वर्षे – दंडसंहितेनुसार या वयाखालील मुलाचे कृत्य गुन्हा नाही (१८६०); गिरणीत कामाचे किमान वय (१८८१).
९ वर्षे – गिरणीत कामाचे किमान वय (१८९१).
१० वर्षे – संमतिवय (१८६०).
१२ वर्षे – ७ ते १२ वयाच्या मुलाची गुन्ह्याबाबतची समज तपासून पाहण्याची वरची मर्यादा (१८६०), गिरणीतील 'मूल' या व्याख्येची मर्यादा (१८८१), संमतिवय (१८९१).
१४ वर्षे – गिरणीतील 'मूल' या व्याख्येची मर्यादा (१८९१).

यावरून बालपण म्हणजे काय याची एकच निश्चित कल्पना राज्यकर्त्यांकडे नव्हती हे स्पष्ट होते. १८९१ नंतर तेरा वर्षांची मुलगी गिरणीच्या कायद्याने मूल होती, पण पतीच्या घरी ती मूल नव्हती. प्रत्येक रेषा त्या त्या हितसंबंधांच्या तडजोडीतून ओढली गेली.

दुष्काळ, साथी आणि मुले :

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात व्हिक्टोरियाला 'कैसर-इ-हिंद' ही पदवी जाहीर झाली, तेव्हा दख्खनमध्ये भीषण दुष्काळ चालू होता. १८७६ ते १८७८, १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी मुलांचे जीवन सर्वाधिक उद्ध्वस्त केले. दुष्काळी कामांवर खडी फोडणे, माती वाहणे अशी कामे कुटुंबासह मुलेही करीत. मजुरीचा दर पुरुषाला जास्त, स्त्रीला कमी आणि मुलाला त्याहून कमी असे. दुष्काळाच्या काळात कामाच्या वयाचा प्रश्न कोणी विचारीत नसे. अन्नाअभावी क्षीण झालेली मुले पटकी, हगवण, हिवताप यांना बळी पडत. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणून केडगाव येथे त्यांच्या निवासाची व शिक्षणाची व्यवस्था केली. त्याच सुमारास प्लेगची साथ पसरली. पुण्यात प्लेगग्रस्त मुलाला दवाखान्यात नेताना सावित्रीबाईंना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

निजामी मुलखातील मुले :

औंढा नागनाथ, परभणी, हिंगोली हा भाग हैदराबाद संस्थानात होता. हिंगोली येथे ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालील हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. म्हणजे ब्रिटिश सत्तेचे लष्कर येथे होते, परंतु ब्रिटिश मुलखातील कारखाना कायदा किंवा संमतिवयाचा कायदा येथे आपोआप लागू नव्हता. सालारजंग यांच्या कारकिर्दीत तालुक्यांच्या ठिकाणी फारसी आणि देशी भाषांच्या शाळा काढण्याचे धोरण स्वीकारले गेले. तथापि राज्यकारभाराची भाषा प्रथम फारसी आणि १८८० च्या दशकापासून उर्दू होती. त्यामुळे मराठी घरातील मुलाला अक्षरओळख झाली तरी तिचा उपयोग सरकार दरबारी होत नसे. घरची भाषा एक आणि अधिकाराची भाषा दुसरी, अशा स्थितीत शिक्षणाची ओढ निर्माण होणे कठीण होते. येथील बहुसंख्य मुलांचे बालपण गुरे राखणे, कापूस व ज्वारीच्या शेतात राबणे, धाकट्या भावंडांना सांभाळणे यांत जाई.

१८९९-१९०० च्या दुष्काळाचा तडाखा मराठवाड्याला विशेष बसला. जनगणनेनुसार हैदराबाद संस्थानची लोकसंख्या १८९१ मध्ये सुमारे १ कोटी १५ लाख होती, ती १९०१ मध्ये सुमारे १ कोटी ११ लाखांवर आली. दहा वर्षांत लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. या घटीत मुलांचा वाटा किती, हे आकड्यांमागील दुःख आहे. मुंबईच्या गिरणीतील मुलासाठी आयोग बसले, रखमाबाईंसाठी वृत्तपत्रांत वाद झाला, मात्र या मुलांसाठी ना आयोग बसला, ना वाद झाला. संस्थान असणे हेच याचे एकमेव कारण नव्हते, कारण बडोदा हेही संस्थानच होते. राज्यकर्त्यांची इच्छा आणि लोकभाषेतील शिक्षण या दोन्हींचा अभाव येथे एकत्र आला होता.

निष्कर्ष :

१. व्हिक्टोरियाकालीन कायद्यांनी महाराष्ट्रात बालपणाला प्रथमच वयाची कायदेशीर मर्यादा दिली. मात्र ती मर्यादा इंग्लंडमधील मर्यादेपेक्षा सातत्याने खालच्या पातळीवर ठेवली गेली.
२. इंग्लंडमध्ये बालश्रमबंदी आणि शिक्षण यांची सांगड घातली गेली. मुंबई इलाख्यात ती घातली गेली नाही. महात्मा फुले यांची १८८२ ची मागणी ही उणीव अचूक दाखविते.
३. जन्मनोंदीचा अभाव आणि कुटुंबाचे दारिद्र्य यांमुळे कायदा अमलात येण्यास मर्यादा पडल्या.
४. शेती, घरकाम, हंगामी कारखाने आणि संस्थानी मुलूख यांतील मुले, म्हणजेच बहुसंख्य मुले, कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली.
५. मुलांच्या जीवनात घडलेल्या मूलभूत बदलांचे श्रेय केवळ राज्यकर्त्यांना देता येत नाही. फुले दांपत्य, लोखंडे, पंडिता रमाबाई, रखमाबाई, सयाजीराव गायकवाड यांचे कार्य त्यामागे आहे.

समारोप :

भारतीय संविधानाच्या कलम २४ ने १४ वर्षांखालील मुलांना कारखान्यात व खाणीत कामावर ठेवण्यास मनाई केली. २००२ च्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयोगटातील शिक्षण हा मूलभूत हक्क झाला आणि २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. फुले यांनी मागितलेला दुवा अशा प्रकारे सव्वाशे वर्षांनंतर कायद्याने जोडला गेला. २००६ च्या कायद्याने विवाहासाठी मुलीचे किमान वय १८ आणि मुलाचे २१ वर्षे कायम ठेवून बालविवाह प्रतिबंधाची यंत्रणा अधिक कडक केली. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांचा विवाह अठराव्या वर्षापूर्वी झाला होता. मराठवाड्यातील अनेक जिल्ह्यांत हे प्रमाण राज्याच्या सरासरीहून अधिक आहे. ऊसतोडीसाठी दिवाळीनंतर गाव सोडणाऱ्या कुटुंबांतील मुलांची शाळा मध्येच सुटते आणि मागे ठेवलेल्या मुलीच्या काळजीपोटी तिचे लग्न लवकर उरकले जाते. येथेही पालकांचे प्रेम कमी नसते, त्यांच्यासमोरचा पर्याय कमी असतो.

एकोणिसाव्या शतकाचा अनुभव हेच सांगतो की, वयाची रेषा कागदावर ओढणे ही केवळ सुरुवात होय. त्या रेषेच्या आत मुलासाठी शाळा, सुरक्षित निवारा आणि घरासाठी पुरेशी मजुरी असेल, तरच ती रेषा टिकते. औंढा नागनाथच्या परिसरातील मूल सव्वाशे वर्षांपूर्वी कायद्याच्या हद्दीबाहेर होते. आज ते हद्दीच्या आत आहे. त्याला त्या कायद्याचा प्रत्यक्ष लाभ मिळवून देणे ही शाळा, ग्रामपंचायत, महाविद्यालये आणि शासन यांची संयुक्त जबाबदारी ठरते.